गाड्यांच्या ताफ्यासाठी स्वस्तातला वॉकीटॉकी: काय पाहून घ्यावा

प्रश्न असा आहे: पाच-सहा गाड्या मिळून लांबच्या प्रवासाला निघतात. वाटेत मोबाइलची रेंज जाते, गाड्या मागेपुढे होतात, कोण कुठे वळलं ते कळत नाही. प्रत्येक गाडीत एकेक वॉकीटॉकी ठेवायचा आहे, पण फार खर्च करायचा नाही. मग किती वॅटचा, किती किलोमीटरचा आणि कोणत्या सोयी असलेला सेट घ्यावा?

अशा ताफ्यांसाठी सेट निवडून देणं, जुळवून देणं आणि प्रवासात शेवटच्या गाडीत बसून ऐकणं हे काम मी बरीच वर्षं करत आलोय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सगळ्या गाड्यांना एकाच मॉडेलचे साधे यूएचएफ एफएम सेट घ्या, म्हणजे आखूड रेडिओलहरींवर चालणारे, डिजिटल नसलेले सेट. ते तुमच्या देशात विनापरवाना वापरता येणारे असावेत. एकेक भारी सेट घेण्यापेक्षा तेच पैसे हातात धरायचा बाहेरचा माइक, गाडीत चार्ज करायची सोय आणि एक जादा सेट यांवर घाला. खोक्यावर छापलेला किलोमीटरचा आकडा निवडीत धरूच नका.

आधी या आकड्याबद्दल बोलू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. यूएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या कुठवर पोचतील याचा ढोबळ हिशेब आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. गाडीत बसलेल्या माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. दोन्हीकडे दीड मीटर धरलं तर उत्तर १० किलोमीटर येतं, आणि तेही मधे एक झाड, एक ट्रक, एक चढ नाही असं धरून. आता एक माणूस ५०० मीटर उंच डोंगरावर उभा करा आणि दुसरा खाली सपाटीवर. उत्तर जवळजवळ १०० किलोमीटरवर जातं. खोक्यावरचे ५० किलोमीटरचे दावे अशा परिस्थितीतले असतात. ते खोटे नसतात, पण तुमच्या प्रवासाशी त्यांचा संबंध नसतो. छोट्या सेटवर गाडीतून गाडीत सपाट मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर नीट ऐकू आलं तर समाधान मानावं. दाट वस्तीत किंवा घाटाच्या वळणांवर ते एक किलोमीटरच्याही खाली येतं.

पण तुम्हाला लागतं तरी किती? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन गाड्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवलं तर सहा गाड्यांचा ताफा साधारण साडेतीनशे मीटर लांब होतो. सिग्नलला कोणी अडकलं, मधे ट्रकची रांग घुसली, तर हे अंतर दोन-अडीच किलोमीटर होतं. तेवढ्यात शेवटच्या गाडीने सांगायचं की आम्ही मागे पडलोय, आणि पुढच्याने वेग कमी करायचा. एवढं जमलं की सेटने आपलं काम केलं. म्हणून माझा आग्रह असा की लांबचं गाठणाऱ्या सेटमागे न लागता दोन किलोमीटरवर हमखास, स्पष्ट ऐकू येणारा सेट शोधा.

वॅटबद्दल लोकांचा समज असा की पाच वॅट म्हणजे अर्ध्या वॅटच्या दहापट अंतर. तसं होत नाही. जमिनीलगत, दोन बुटक्या अँटेनांमध्ये सिग्नलची ताकद अंतराच्या साधारण चौथ्या घाताने घटते. म्हणजे दहापट वॅट लावले तर अंतर पावणेदोनपट होतं, आणि बॅटरी मात्र भराभर उतरते. ताफ्यात निरनिराळ्या ताकदीचे सेट असले की आणखी एक घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. पहिल्या गाडीकडे पाच वॅटचा सेट आहे, शेवटच्या गाडीकडे अर्ध्या वॅटचा. पहिल्याचं बोलणं शेवटच्याला व्यवस्थित ऐकू येतं. शेवटचा उत्तर देतो, ते पहिल्यापर्यंत पोचत नाही. पहिल्याला वाटतं मागचे ऐकत नाहीत, मागच्याला वाटतं पुढचे लक्ष देत नाहीत, आणि दोघंही सेट बिघडला म्हणतात. सगळ्यांकडे एकच मॉडेल असलं की हा प्रकार होत नाही. एकाचं ऐकू येतंय म्हणजे त्यालाही आपलं ऐकू जातंय, एवढी खात्री प्रवासात फार मोलाची असते.

एकच मॉडेल घेण्याचे लहान फायदेही आहेत. चार्जर एकमेकांना चालतो, बॅटरी अदलाबदल करता येते, मेनू एकदा समजावला की सगळ्यांना कळतो.

आता कायदा. तो शेवटी पाहायची गोष्ट नाही, कारण कोणता सेट घ्यायचा हे बरंचसं त्यावरच ठरतं. अमेरिकेत एफआरएस नावाची विनापरवाना सेवा आहे. तिचे २२ चॅनल आहेत, त्यांतल्या ८ ते १४ या चॅनलवर अर्धा वॅट आणि बाकीच्यांवर दोन वॅटपर्यंत मुभा आहे, पण अँटेना सेटला कायमची जोडलेली हवी. तिथलीच जीएमआरएस सेवा परीक्षेशिवाय परवाना देते. एकच परवाना सगळ्या घरच्या मंडळींना चालतो, आणि त्यात टपावर अँटेना लावता येते, जास्त वॅटही चालतात. युरोपात पीएमआर ४४६ ही विनापरवाना सेवा आहे: १६ चॅनल, अर्धा वॅट, अँटेना कायमची. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट परवानामुक्त आहेत, पण त्या मॉडेलला उपकरण मान्यता, म्हणजे ईटीए, मिळालेली असावी लागते. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास यूएचएफ सीबी ही सर्वसामान्यांसाठीची रेडिओ सेवा आहे. तिचे ८० चॅनल आहेत, पाच वॅटपर्यंत मुभा आहे, बाहेरची अँटेनाही चालते. मात्र ५ आणि ३५ हे चॅनल आणीबाणीसाठी राखलेले आहेत, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. एका देशातला सेट दुसऱ्या देशात नेऊन वापरू नका. अमेरिकेतले एफआरएस चॅनल ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर आहेत, आणि युरोपात त्या जागा दुसऱ्या सेवांच्या आहेत.

इथे बाओफेंग यूव्ही-५आर आणि त्याच्यासारख्या सेटचा प्रश्न येतोच. ते स्वस्त आहेत, हवी ती फ्रिक्वेन्सी त्यांत भरता येते, आणि ज्याच्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे त्याच्या हातात ते उपयोगी आहेत. ताफ्यासाठी मी ते सुचवत नाही. बऱ्याच देशांत विनापरवाना चॅनलवर असा सेट वापरणं नियमाबाहेर आहे, कारण त्याची अँटेना निघते आणि तो त्या सेवेसाठी मान्य केलेला नसतो. त्याच्या आवाक्यात पोलीस, रुग्णवाहिका, जहाजं यांच्या फ्रिक्वेन्सीही येतात. कीपॅडवर चुकून बोट पडलं की आपण भलतीकडेच बोलायला लागतो, आणि तिकडे कोणाचं तरी जिवावरचं काम चाललेलं असू शकतं. शेजारच्या सीटवर ज्या माणसाच्या हातात हा सेट जाणार आहे, त्याला मेनू उलगडत बसायला वेळ नसतो.

२७ मेगाहर्ट्झचा सीबी रेडिओ जुना आणि दणकट आहे, पण त्याच्या लहरीची लांबी ११ मीटर असते. पावलहरीची, म्हणजे लहरीच्या पाव लांबीची, अँटेना पावणेतीन मीटरची होते, म्हणून गाडीवर आखूड केलेली अँटेना लावून ती जुळवावी लागते. दर वेळी वेगळ्या गाड्या येणाऱ्या ताफ्याला तो सोयीचा नाही. मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारे वॉकीटॉकीसारखे सेटही मिळतात. शहरात ते छान चालतात, पण नेटवर्क गेलं की तेही गेले, आणि आपला मूळ प्रश्नच रेंज नसण्याचा आहे. डिजिटल सेटचा आवाज सिग्नल कमी होईपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. एफएमचा आवाज आधी खरखरायला लागतो. ती खरखर म्हणजे अंतर वाढत चालल्याची सूचना असते, आणि ताफ्यात ती हवीच.

आता गाडीबद्दल. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. आतल्या सेटचा सिग्नल खिडक्यांतून बाहेर पडतो, आणि समोरच्या गाडीतही खिडक्यांतूनच आत शिरतो. दोन्हीकडे घट होते. सेट गिअरजवळच्या कपहोल्डरमध्ये ठेवून बोललं तर सगळा पत्रा त्याच्या वर येतो. तोच सेट खिडकीच्या काचेच्या उंचीवर, अँटेना उभी ठेवून धरला तर फरक कानाला लगेच कळतो. अँटेना आडवी नको. एकीची उभी आणि दुसरीची आडवी असली की सिग्नल बराच कमी होतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो, काहींनी खिडक्यांना धातूची फिल्म लावलेली असते. अशा काचेतून लहरी नीट जात नाहीत. त्या गाडीत कोणत्या खिडकीजवळ चांगलं ऐकू येतं ते निघण्याआधीच पाहून ठेवा.

म्हणूनच बाहेरच्या माइकवर मी एवढा भर देतो. वायरच्या टोकाला असलेला, स्पीकर आणि बोलायचं बटण असलेला हा माइक शर्टाला किंवा डॅशबोर्डला अडकवता येतो. सेट मात्र खिडकीपाशी उंच, उभा, पट्ट्याने बांधून ठेवता येतो. अँटेना हवी तिथे राहते आणि आवाज कानाजवळ येतो. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज चाललेला असताना छोट्या सेटचा स्पीकर कमी पडतो. माइक कानापाशी असला तर आवाज फार वाढवावा लागत नाही. सेट घेताना माइकची खाच कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा. दोन पिनांची केनवुड पद्धतीची खाच असली तर माइक सहज आणि कमी पैशांत मिळतो. काही कंपन्यांची खाच फक्त त्यांच्याच माइकला चालते. तो सेट स्वस्त दिसला तरी सोडा.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे टपाच्या मधोमध चुंबकाने बसणारी अँटेना लावल्याने जेवढा फायदा होतो तेवढा वॅट वाढवून होत नाही. टपाचा पत्रा मग अडथळा न राहता अँटेनाचाच भाग होतो. ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास पावलहरीची अँटेना जेमतेम १६ सेंटिमीटरची असते. अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या टपावर चुंबक चिकटत नाही, हे आधी तपासा. सगळ्या गाड्यांना अशी अँटेना परवडत नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीला लावा. ती अँटेना बोलताना आणि ऐकताना सारखीच कामाला येते, म्हणून वॅटच्या फरकासारखा एकतर्फी घोटाळा तिच्यामुळे होत नाही.

सोयींच्या यादीत बहुतेक गोष्टी बिनकामाच्या असतात. आवाजाने आपोआप बोलणं सुरू करणारी व्हॉक्स सोय गाडीत बंदच ठेवा, नाहीतर हॉर्न, गाणी आणि मुलांची भांडणं सगळ्या ताफ्याला ऐकू जातील. बोलणं संपल्यावर वाजणारी बीप अनेकांना आवडत नाही. मला मात्र नवख्या लोकांच्या ताफ्यात ती हवी वाटते, कारण समोरचा थांबला की नाही याचा अंदाज घेत बसावं लागत नाही. बटणं लॉक करायची सोय हवीच. आणि एक सोय यादीत लहान अक्षरांत लिहिलेली असते, तीच मी सर्वांत आधी शोधतो: टाइम-आउट टायमर. सेट दोन सीटच्या फटीत घसरतो, बोलायचं बटण दाबलेलं राहतं, आणि त्या गाडीतल्यांना पत्ता नसताना सगळ्या ताफ्याचा चॅनल अडून बसतो. त्यांना सांगायचं म्हटलं तरी सांगता येत नाही, कारण त्यांचा सेट बोलण्याच्या स्थितीत असतो, ऐकण्याच्या नाही. टायमर ६० सेकंदांवर लावला की सेट स्वतःच थांबतो.

खोक्यावर कधी '२२ चॅनल, १२१ कोड' असं लिहिलेलं असतं आणि त्यांचा गुणाकार करून हजारो चॅनल दाखवलेले असतात. चॅनल २२च असतात. कोड म्हणजे बोलण्यासोबत जाणारी एक खूण. साध्या कोडमध्ये ती ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा बारीक सूर असते. आपल्या सेटला ती खूण दिसली तरच तो स्पीकर उघडतो. त्यामुळे परक्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण आपलं बोलणं कोणालाही ऐकता येतं. त्याला प्रायव्हसी म्हणणं चूक आहे. ताफ्यातल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. एका सेटवर कोड लागलेला आहे, दुसऱ्यावर नाही. कोड नसलेल्याला सगळं ऐकू येतं, कोडवाल्याला त्याचं काहीच नाही. एकतर्फी ऐकू येतंय असं कोणी म्हणालं की आधी कोड पाहा, मग बॅटरी, मग बाकीचं. दोन कंपन्यांचे सेट जुळवायचे असतील तर कोडच्या क्रमांकावर विसंबू नका, त्यामागचे हर्ट्झ जुळवा. चॅनल मोकळा असेल तर मी कोड लावतच नाही. गर्दी असेल तर सगळ्यांच्या सेटवर एकाच वेळी, एकत्र उभं राहून लावतो.

बॅटरी किती तास चालेल याचे आकडे बहुधा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के गप्प राहणं धरून काढलेले असतात. प्रवासात ऐकणं त्याहून जास्त होतं, म्हणून तो आकडा बराच कमी करून धरा. यूएसबी-सीवर चार्ज होणारा सेट गाडीत सोयीचा. साध्या सेलवर चालणारा सेट आडगावीसुद्धा बंद पडत नाही, सेल कुठेही मिळतात. गाडीच्या सॉकेटमध्ये लावायच्या हलक्या चार्जरने मात्र रेडिओवर खरखर येऊ शकते. तपासायची रीत सोपी आहे. दुसऱ्या गाडीला इतकं लांब जाऊ द्या की आवाज जेमतेम ऐकू येईल. त्याचं बोलणं चालू असताना चार्जर काढा, परत लावा. काढल्यावर आवाज स्वच्छ होत असेल तर तो चार्जर बदला. डॅशकॅमच्या वायरवरही हाच प्रयोग करून पाहा.

सेट आणल्यावर प्रवासाच्या आदल्या आठवड्यात एक चाचणी घ्या. एक गाडी उभी ठेवा, दुसरी दर अर्ध्या किलोमीटरला थांबून आकडे मोजून बोलू दे. कुठे अडखळतं आणि कुठे तुटतं ते ओडोमीटरवर पाहून लिहून ठेवा. मग सेट खिडकीजवळून कपहोल्डरमध्ये ठेवून तेच पुन्हा करा. सगळ्यांना सांगून जे पटत नाही ते या एका चाचणीत पटतं. सेट परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका.

बोलायची पद्धत दहा मिनिटांत शिकवता येते, आणि ती शिकवल्याशिवाय भारी सेटही वाया जातो. बटण दाबल्यावर लगेच तोंड उघडू नका. सेट सुरू व्हायला आणि समोरच्याचा स्पीकर उघडायला क्षणभर लागतो, म्हणून पहिला शब्द खाल्ला जातो. 'डावीकडे वळा' मधला 'डावीकडे' गेला तर उरतं फक्त 'वळा'. दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरदार तोच ऐकू येतो, दुसऱ्याचं बोलणं पुसलं जातं आणि बोलणाऱ्या दोघांनाही ते कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या सूचनेला शेवटच्या गाडीने उत्तर द्यायचं. तिने ऐकलं म्हणजे मधल्यांनी ऐकलंच असं बहुतेक वेळा धरता येतं.

बोलणं असं असावं: "पहिली गाडी. पुढे रस्त्यावर दगड आहेत, उजवीकडून घ्या." "शेवटची गाडी. कळलं." किंवा: "शेवटची गाडी. आम्ही सिग्नलला अडकलो. थांबू नका, सावकाश चला." नावांपेक्षा गाडीची जागा सांगा, कारण ऐकणाऱ्याला माहिती कुठून येतेय ते हवं असतं. सेट शेजारी बसलेल्याने हाताळावा. चार सेकंद नजर रस्त्यावरून हटली तर ताशी ८० च्या वेगाने गाडी जवळजवळ ९० मीटर पुढे गेलेली असते. काही देशांत चालकाने हातात सेट धरायला बंदीही आहे.

हा सेट मदत बोलवायचं साधन नाही हेही सगळ्यांना सांगून ठेवा. तो फक्त ताफ्यातल्या गाड्यांना जोडतो. नेटवर्क नसलेल्या दुर्गम भागात जायचं असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक उपकरण ताफ्यात वेगळं असू द्या.

जादा सेट शेवटच्या गाडीत, पूर्ण चार्ज करून, त्याच चॅनलवर लावून ठेवा. कोणाचा बिघडला तर तो कामाला येतोच, पण त्याचा खरा उपयोग गाडीतून उतरलेल्या माणसाला होतो. अरुंद पुलावर, आंधळ्या वळणावर किंवा पाण्याने भरलेल्या रस्त्यावर एक जण चालत पुढे जातो, समोरून काही येत नाही ना ते पाहतो आणि एकेक गाडी सोडतो. त्या वेळी त्याच्या हातात सेट असला तर हातवाऱ्यांचा अर्थ लावत बसावं लागत नाही.